गाडीला पुसा

दात दुखणारा माणूस दाताच्या डॉक्टरची पायरी चढला, की त्याचं दुखणं थांबतं. रफारकाकांच्या गाडीचं तसंच होतं. वस्तादांच्या गॅरेजचं फाटक दिसलं, की ती एकदम शहाणी व्हायची.

पहिल्यांदा ती बंद पडली तेव्हा काका भाजी घेऊन परत येत होते. वळणावर इंजिनाचा आवाज अचानक गेला. खडखड नाही, धूर नाही, धक्का नाही. बोलता बोलता एखाद्याने वाक्य अर्धवट सोडावं, तसं. काकांनी किल्ली पुन्हा पुन्हा फिरवून पाहिली. मागच्यांनी हॉर्न वाजवून हौस भागवली. थोड्या वेळाने गाडी आपली आपणच चालू झाली आणि घरापर्यंत अशी आली, की जणू काही झालंच नव्हतं.

वस्तादांनी ती ठेवून घेतली. चालवून पाहिली, बॉनेट उघडून कान लावला, वायरी हलवून बघितल्या.

"काका, हिला काही झालेलं नाही."

"पण ती बंद पडली होती."

"पडली असेल. मी कुठे नाही म्हणतो? पण माझ्यासमोर पडली पाहिजे ना. नाहीतर निदान दिवा तरी लागला पाहिजे." वस्तादांनी स्टिअरिंगपुढच्या काचेवर बोट टेकवलं. "इथे पिवळा दिवा लागतो, इंजिनाच्या चित्राचा. आताच्या गाड्यांना मेंदू असतो, काका. काही बिनसलं, की तो एक नंबर आपल्यापाशी टिपून ठेवतो आणि दिवा लावून आपल्याला हाक मारतो. नंबर कळला, की मला हात कुठे घालायचा ते कळतं. दिवाच नाही, तर मी काय अंगारा लावू?"

वस्ताद दुसऱ्याच दिवशी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी बहिणीकडे जाणार होते आणि गॅरेजला कुलूप लागणार होतं. जाताना त्यांनी काकांच्या हातात काडेपेटीएवढी एक काळी डबी ठेवली. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याशी, एक खाच होती; त्यात ती डबी खोचायची आणि मोबाइलशी जोडायची, म्हणजे मेंदूतला नंबर मोबाइलवर येतो. काकांच्या मोबाइलमध्ये त्यांनी त्यासाठी लागणारं अ‍ॅपही घालून दिलं, आणि काकांना सोपं जावं म्हणून भाषा मराठी करून दिली.

"दिवा लागला, की मला फोन करा," वस्ताद म्हणाले. "डोळा बांधलेला असेल, कान मोकळे आहेत."

काकांना रफारकाका हे नाव छापखान्याने दिलं होतं. जन्मभर त्यांनी मुद्रितं तपासली. एकदा मुखपृष्ठावरचा रफार एका अक्षराने पुढे सरकला होता, तो त्यांना अगदी शेवटच्या घटकेला दिसला, आणि ज्या माणसाने कधी कुणाला मोठ्याने हाक मारली नव्हती, त्याने चालू यंत्रापुढे हात आडवे करून छपाई थांबवली. तेव्हापासून ते रफारकाका. काकू रागावल्या, की म्हणायच्या, "त्या रफारासारखे माझ्या डोक्यावर बसू नका." पण एरवी काका कुणाच्याच डोक्यावर बसणारे नव्हते. शंका आली, तर समासात पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्ह करायचं आणि लेखकाला ठरवू द्यायचं, हा त्यांचा धंद्यातला नियम होता आणि घरातलाही.

गाडीची एवढी चिंता करायचं कारण वेगळंच होतं. ती आता त्यांची राहिली नव्हती. छोटीला ती त्यांनी आपण होऊन देऊन टाकली होती. छोटी ही त्यांची एकुलती एक लेक. तिच्याआधी कुणी मोठं नव्हतंच, तरी ती छोटीच राहिली. ती नर्स होती. जावई जहाजावर, एकदा गेला की कित्येक महिने पाण्यात. बाळंतपणापासून छोटी माहेरीच होती, आणि आता डोंगरापलीकडच्या एका नव्या इस्पितळात तिला चांगली जागा मिळाली होती. इस्पितळ गावाबाहेर, कामाच्या पाळ्या वेड्यावाकड्या, सोबत वर्षाचं पोर. गाडीशिवाय तिथे भागणार नव्हतं. सोमवारी हजर व्हायचं होतं. रविवारी सकाळी ती एकटी, मागच्या सीटवर पोराला बांधून, तो सगळा घाट चढून जाणार होती. घाटाच्या माथ्यावर एक लांब बोगदा होता. काका तिथून एकदाच गेले होते. आत कडेला थांबायला हातभरही जागा नव्हती, हे त्यांच्या पक्कं लक्षात होतं.

दुसऱ्यांदा गाडी बंद पडली ती बुधवारी, भर उन्हात, उड्डाणपुलाच्या चढावर.

या वेळी तिने जागाही हेरून निवडली होती. इंजिन गप्प झालं, स्टिअरिंग दगडासारखं जड झालं, ब्रेक लाकडासारखा. मागून येणाऱ्या ट्रकने असा हॉर्न दिला, की काकांना तो मानेवर बसल्यासारखा वाटला. उरल्यासुरल्या वेगावर त्यांनी गाडी कशीबशी कठड्याला लावली आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी किल्ली फिरवली. गाडी चालू झाली. आणि समोर पिवळा दिवा लागलेला होता.

खरं सांगायचं तर काकांना आनंद झाला. कोर्टात साक्षीदार उभा राहावा, तसा तो दिवा उभा होता. त्यांनी डबी खाचेत बसवली आणि वस्तादांना फोन लावला.

"वस्ताद, लागला."

"काय लागला?"

"दिवा. पुलावर बंद पडली. आता चालू आहे, पण दिवा जळतोय. काय झालं असेल हो तिला?"

पलीकडे कुणीतरी चमच्याने पेला ढवळत होतं. वस्तादांचा आवाज झोपून बोलणाऱ्या माणसाचा होता. "अहो काका, मला काय विचारता? मला तर सध्या भिंतही दिसत नाही. गाडीलाच पुसा की. आधी तिला पुसा, मग मला सांगा."

"पुसू?"

"पुसा, पुसा. डबी त्यासाठीच दिलीय. घाबरू नका."

काकांनी फोन ठेवला. मोबाइलवर दोन चौकोन आले होते. हिरव्यात लिहिलं होतं, 'दोष वाचा'. लालमध्ये, 'दोष पुसा'.

त्यांनी लाल चौकोनावर बोट ठेवलं. मोबाइलने विचारलं, 'साठवलेली माहिती कायमची जाईल. नक्की पुसायची?'

इथे काका थांबले होते. हे त्यांना पुढे पुन्हा पुन्हा आठवत राहिलं. ते थांबले होते. समासात प्रश्नचिन्ह करावं, असं त्यांना वाटलंही होतं. पण शेजारून ट्रक जात होते, प्रत्येक ट्रकबरोबर पूल हलत होता, पाठीवरून घामाची धार चालली होती, आणि त्या पाच इंच काचेला समास नव्हता. शिवाय वस्तादांनी एकदा नाही, चारदा सांगितलं होतं. गाड्यांतलं वस्तादांना कळतं. आपल्याला रफार कळतात. त्यांनी 'होय' दाबलं.

दिवा गेला.

"पुसलं," काकांनी पुन्हा फोन लावून सांगितलं.

"मग? काय म्हणाली?"

"कोण?"

"गाडी हो. नंबर काय दिला?"

"नंबर नाही. दिवा गेला. सगळं स्वच्छ झालं."

पलीकडे चमचा ढवळायचा थांबला.

"काका," वस्ताद सावकाश म्हणाले, "तुम्ही नक्की काय दाबलंत?"

"पुसा."

"अहो, पुसा म्हणजे विचारा. गाडीला विचारा, म्हणालो मी. पुसून टाका कुठे म्हणालो?"

काकांनी डबी खाचेतून काढून हातात घेतली.

"आमची आजी असंच बोलायची," वस्ताद म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, उलट तेच ओशाळले होते. "तिच्या हाताखाली वाढलो. जेवलास का असं पुसायची, कुठे चाललास असं पुसायची. जिभेला तेच वळण. माझंच चुकलं म्हणायचं."

"नाही," काका म्हणाले. "तुमचं कसं? मला माहीत आहे तो शब्द."

आणि त्यांना तो चांगला माहीत होता. जुन्या कवितांची मुद्रितं तपासताना तो त्यांनी शेकडो वेळा वाचला होता. खिळे जुळवणाऱ्या एका नवशिक्या जुळाऱ्याने 'वाट पुसत' मधला 'पुसत' चुकीचा समजून 'पाहत' केला, तेव्हा काकांनीच त्याला बसवून समजावलं होतं, की बाबा रे, पुसणं म्हणजे विचारणंही असतं. विचारपूस म्हणतो तेव्हा आपण काय फडकं घेऊन जातो का? जुळारी खूप हसला होता.

"आता तो नंबर परत नाही का मिळणार?"

"मेंदूतूनच गेला तर कुठून मिळणार? पुन्हा बंद पडली, पुन्हा टिपला, तर." पलीकडे खाट करकरली. "दहा ठिकाणं असू शकतात, काका. इंजिन फिरतंय का हे बघणारा सेन्सर असतो, तो तापला की झोपतो. पेट्रोलचा पंप असेल. कुठे वायर घासली असेल. आता मला बसल्या जागी काय कळणार? आणि अंदाजाने एकेक बदलत बसलो, तर शेवटी नंबरप्लेट तेवढी जुनी उरेल."

"छोटी रविवारी निघतेय."

"ठाऊक आहे मला," वस्ताद म्हणाले.

घरी हे सांगायचं कसं, याची काकांनी येता येता तालीम केली. पण दारात काकू भेटल्या आणि तालीम वाया गेली. छोटी जमिनीवर बसून बॅगा भरत होती. गोळा, म्हणजे तिचा मुलगा, भरलेले कपडे एकेक करून बाहेर काढत होता. त्याच्या अंगापिंडावरून हे नाव त्याच्या आजीनेच ठेवलं होतं.

काकांनी सगळं सांगितलं. शब्दाची गोष्टही लपवली नाही. छोटी आधी त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग तिला हसू आवरेना.

"बाबा, तुम्ही? शब्दात चुकलात?"

"जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या," काकू म्हणाल्या, "एक स्वतःची राहिली होती, ती पुलावर जाऊन केली."

"हसण्यावारी नेऊ नका," काका म्हणाले. "गाडीत दोष आहे. तो आहे हे कळलं होतं, आणि काय आहे ते माझ्यामुळे गेलं. या गाडीने घाटात जाणं बरं नाही."

छोटीने गोळ्याच्या हातातून मोजा काढून घेतला. "बाबा, रागावू नका हं. पण आधी तुम्ही म्हणालात, तिथली हवा दमट आहे, गोळ्याचे कान दुखतील. मग म्हणालात, रात्रपाळी असेल तर त्याच्याजवळ कोण बसणार? मग म्हणालात, ते इस्पितळच अजून नीट चालू झालेलं नाही. आता गाडी."

"ते वेगळं होतं."

"तेव्हाही तुम्ही असंच म्हणाला होतात."

आणि तेव्हाही ते खरंच असंच म्हणाले होते. लांडगा आला रे म्हणून त्यांनी ओरडून घेतलं होतं, आणि ओरडताना त्यांना दर वेळी लांडगा खराच दिसला होता. बाहेरगावी निघताना गॅस बंद केला का हे बघायला बसथांब्यावरून परत येणारा माणूस. त्याच्या भीतीला घरात किती भाव मिळणार?

"उद्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जाऊ," छोटी म्हणाली. "त्यांच्याकडे मोठं मशीन असतं. ते म्हणाले दोष आहे, तर मी बघेन काय करायचं ते. ते म्हणाले नाही, तर तुम्ही गप्प बसायचं. कबूल?"

काकांनी कबूल केलं. दुसरं काय करणार होते?

वर्कशॉप इतकं स्वच्छ होतं, की काकांनी आत जाताना नकळत पाय पुसले. गाड्या रांगेत उभ्या होत्या आणि त्यांच्या पोटातून वायरी निघून पडद्यांना जोडलेल्या होत्या. त्यांच्या गाडीपाशी एक तरुण इंजिनीअर बाई आली. तिने वायर खोचली, पडद्यावर भराभर ओळी गेल्या, सगळ्या हिरव्या.

"एकही दोष नाही, काका."

"तो मी काल पुसला."

"वाचला होतात का?"

"नाही."

"न वाचताच पुसलात?" तिने त्यांच्याकडे नवलाने पाहिलं. "का?"

"मला पुसायला सांगितलं होतं," काका म्हणाले. छोटीने तोंड दुसरीकडे वळवलं. तिचे खांदे हलत होते.

बाई भली होती. तिने गाडी उगीच वाटेला लावली नाही. तिने समजावून सांगितलं, की दोष टिपताना मेंदू त्या क्षणाचा एक फोटोसारखा ठसाही ठेवतो. वेग किती होता, इंजिन किती तापलं होतं, पेट्रोलचा दाब किती होता. तो ठसा असता, तर तपास सोपा होता. पुसताना नंबराबरोबर तोही जातो.

"म्हणजे आता काहीच करता येणार नाही?"

"गाडी ठेवून जा. आमचा माणूस रोज चालवेल. बंद पडली तर पकडू."

"किती दिवस?"

"ते गाडीवर आहे. आठवडाही लागेल, महिनाही लागेल. कधीकधी पडतच नाही पुन्हा." मग तिने जरा अवघडून विचारलं, "काका, चढावर होतात ना? क्लचवरचा पाय आधी सुटला, असं तर नाही झालं? कारण तसंही इंजिन बंद पडतं. दिवेही सगळे लागतात तेव्हा."

"तेव्हा सगळे लागतात," काका म्हणाले. "हा एकटा होता. गाडी पुन्हा चालू झाल्यावरही होता."

"तुम्ही बघितलात ना नीट?"

बघितला होता. उन्हात, घामाने चष्मा घसरत असताना, पण बघितला होता. पुसायच्या आधी होता आणि पुसल्यावर गेला. काकांनी हे सगळं मनात नीट जुळवलं आणि तोंडाने फक्त "बहुतेक" म्हणाले. ही त्यांची सवयच होती. सूर्य पूर्वेला उगवतो का असं कुणी रोखून विचारलं, तर त्यालाही ते आधी बहुतेक म्हणाले असते.

परतताना छोटीने गाडी चालवली. पूल आला. काका सीटची कड धरून बसले. गाडी चढ चढली, उतरली, सिग्नलला थांबली आणि मांजरासारखी गुरगुरत उभी राहिली.

"बघितलंत?" छोटी म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. वडिलांची समजूत घालताना मुली जो आवाज काढतात, तो होता. काकांना त्याचाच जास्त त्रास झाला.

शुक्रवारी आणि शनिवारी दुपारी काका एकटेच गाडी घेऊन बाहेर पडले. घरात त्यांनी टायरमध्ये हवा भरायला जातो, असं सांगितलं. काकूंनी विचारलं, एवढी कसली हवा, विमान आहे का? ते पुलावर गेले. खाली उतरले, वळून पुन्हा वर गेले. एसी लावला, बंद केला, पुन्हा लावला. चढावर मुद्दाम वेग कमी केला. पुलाखाली टायरवाला बसायचा. त्याने दोनचार फेऱ्या बघितल्या आणि तो उठून रस्त्याच्या कडेला आला.

"काका, काही हरवलंय का?"

"हो," काका म्हणाले, आणि निघून गेले.

त्यांनी गाडीचा नाद सोडला नाही. ती तापावी म्हणून उन्हात उभी करून इंजिन चालू ठेवलं. मनात तिची मनधरणी केली. एरवी गाडी बंद पडू नये म्हणून माणसं हात जोडतात. काका ती बंद पडावी म्हणून जोडत होते. बाई गं, एकदाच. आता पड, इथे पड, माझ्या हातात असताना पड. मी कडेला घेईन, कुणी बोललं तर ऐकून घेईन. उद्या नको. गाडी मात्र धुतल्या तांदळासारखी. तिचा आवाज इतका एकसारखा होता, की शनिवारी चौथ्या की पाचव्या फेरीला काकांना स्वतःचाच संशय आला. खरंच का पाय सुटला होता? दिवा तोच होता, की शेजारचा दुसरा? आपण छोटीला जाऊ नको म्हणतो ते कुणासाठी? छापखान्यात एकच शब्द फार वेळ बघितला, की तो खोटा वाटायला लागायचा. बरोबर असूनही चुकलेला दिसायचा. तसं त्यांना त्या बुधवारचं झालं.

संध्याकाळी त्यांनी पुन्हा वस्तादांना फोन केला.

"तुम्ही एकदा बोला तिच्याशी. तुमचं ऐकेल ती."

"काय सांगू, काका? दोष आहे म्हणून सांगू? मी पाहिला नाही. नाही म्हणून सांगू? तसंही म्हणवत नाही." वस्तादांनी सुस्कारा टाकला. "तो सेन्सर बदलून टाकला असता मी, तुमच्या समाधानासाठी. पण माझी ही पट्टी अजून सुटायची आहे. आणि तोच असेल, हे तरी कशावरून?"

"मग मी काय करू?"

"तिला एवढं शिकवून ठेवा, की बंद पडली तर काय करायचं."

रविवारी सकाळी सगळं सामान गाडीत बसलं. गोळा मागच्या सीटवर पट्ट्यांत अडकून आपल्या पायाचा अंगठा बघत होता. काकूंनी डबे, पाण्याच्या बाटल्या, मुलाचं औषध, सगळं हाताशी येईल असं ठेवलं. काका छोटीच्या खिडकीशी उभे राहिले आणि त्यांनी, घरात कधी करत नसत ते, एक वाक्य सरळ सांगितलं.

"छोटी, ही गाडी नेऊ नकोस."

छोटीने चालू केलेलं इंजिन बंद केलं. ती खाली उतरली, काकूंना ऐकू जाणार नाही इतक्या दूर त्यांना घेऊन गेली.

"बाबा, मला खरं सांगा. तुम्ही खोटं बोलत नाही, म्हणून विचारते. तुम्हाला काळजी गाडीची आहे, की मी चाललेय त्याची?"

एक शब्द पुरला असता. 'गाडीची' म्हणाले असते, तर कदाचित ती थांबली असती. निदान बसने गेली असती. काकांना ते कळत होतं. पण त्यांनी तो शब्द उजेडात धरून पाहिला, जसा ते प्रत्येक शब्द बघत, आणि तो त्यांना पूर्ण खरा दिसला नाही.

"दोन्ही," ते म्हणाले.

छोटीचे डोळे भरून आले, पण तिचा चेहरा सैल झाला. तिला हवं होतं ते उत्तर मिळालं होतं. "मग ठीक आहे," ती म्हणाली. "असं आधीच सांगायचं ना. मी दर महिन्याला येईन, बाबा. तुम्ही गाडीला कशाला मध्ये आणता?"

"पण गाडीचीही आहे."

"हो हो, गाडीचीही आहे," ती म्हणाली आणि तिने त्यांचा दंड थोपटला.

मग उरलं ते एवढंच. ती पुन्हा स्टिअरिंगपाशी बसली आणि काकांनी खिडकीत वाकून तिला पढवलं. बंद पडली, तर घाबरायचं नाही. स्टिअरिंग जड होतं, पण फिरतं. दोन्ही हातांनी जोर लावायचा. ब्रेक कडक होतो, सगळा पाय देऊन एकदाच दाबून धरायचा. वेग संपायच्या आत कडेला. धोक्याचे दिवे. गाडीत बसून राहायचं नाही, गोळ्याला घेऊन कठड्यापलीकडे उभं राहायचं.

"आणि बोगद्यात?" छोटीने विचारलं. ती थट्टेत विचारत होती.

बोगद्यात काय करायचं, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

"बोगद्याआधी एक टपरी आहे," ते म्हणाले. "तिथे थांब. इंजिन निवू दे. मग जा."

"थांबेन."

"नक्की?"

"नक्की, बाबा. चहाही पिईन. अजून काही?"

अजून काही नव्हतं. गाडी गल्लीच्या टोकाला गेली, वळायचा दिवा लुकलुकला, आणि ती वळली.

तो दिवस काकांनी खुर्चीत काढला. पुस्तक मांडीवर होतं, पान उलटलं नाही. काकू मधून मधून येऊन बघून जात. एकदा म्हणाल्या, "अहो, तिला गाडी तुमच्यापेक्षा चांगली येते." एकदा चहा ठेवून गेल्या, आणि तो गार झाल्यावर उचलून घेऊन गेल्या. भिंतीशी ठेवलेला गोळ्याचा पाळणा अजून कुणी घडी करून आवरला नव्हता. बोगद्याची वेळ झाली असं काकांना वाटलं, तेव्हा ते उठून गॅलरीत गेले, जणू तिथून काही दिसणार होतं. समोरच्या इमारतीत एक बाई कपडे वाळत घालत होती. तिने चिमटे संपेपर्यंत कपडे घातले आणि आत गेली. फोन वाजला नाही. काका पुन्हा खुर्चीत आले. फोन चालू आहे ना, हे त्यांनी तपासलं; मग तपासताना चुकून बंद झाला नाही ना, हे तपासलं.

ऊन खिडकीतून उतरून जमिनीवर आलं, तेव्हा फोन वाजला.

"पोहोचलो, बाबा. दोघंही. गोळा तर सगळा घाट झोपला होता. टपरीवर थांबले, चहा प्यायले, बोगदा ओलांडला, खाली उतरले. काही म्हणजे काही झालं नाही. गाडी लोण्यासारखी आली."

काकूंनी फोनला कान लावला होता. त्या डोळे मिटून भिंतीला टेकल्या.

काकांच्या छातीवरचं ओझंही उतरलं. पण उतरायच्या आधी, अगदी पापणी लवावी एवढ्या वेळात, तिथे दुसरंच काहीतरी उमटून गेलं होतं. भरभर वाचलेल्या मजकुरातली एखादी चूक नजरेने नेमकी टिपावी, तसं काकांनी ते टिपलं. 'काही झालं नाही' हे शब्द कानावर पडले तेव्हा त्यांची किंचित निराशा झाली होती. आपली लेक आणि नातू सुखरूप पोहोचले, आणि त्यांच्या आतल्या कुठल्यातरी माणसाला आपण खोटे ठरलो, याचं वाईट वाटलं होतं. काकांना त्या माणसाची भीती वाटली. तो कधीपासून तिथे बसला होता, कुणास ठाऊक.

"बाबा? ऐकताय ना?"

"ऐकतोय."

"आता पटलं?"

"पटलं," काका म्हणाले. त्यांना पटलं नव्हतं. तापल्यावर झोपणारा सेन्सर, घासलेली वायर, जे काही होतं ते होतं तिथेच होतं, आणि आता ते डोंगरापलीकडे होतं. पण हे सांगायचा हक्क त्यांनी सकाळी गल्लीतच गमावला होता. आणि आता, स्वतःच्या मनात ते उमटलेलं पाहिल्यावर, त्यांना तो हक्क परत मागवेना.

"उद्या पहिली पाळी आहे," छोटी सांगत होती. "इस्पितळ इथून बरंच लांब आहे, मी समजत होते त्याहून लांब. मध्ये एक घाटवजा चढ लागतो. गोळ्याला तिथल्याच पाळणाघरात ठेवायचंय, म्हणजे तोही रोज येईल बरोबर. अंधारातच निघावं लागणार."

"गाडीने?"

"मग कशाने, बाबा?"

काकूंनी त्यांच्या हातातून फोन घ्यायला हात पुढे केला. काकांनी तो आणखी क्षणभर कानाशी धरून ठेवला.

"बरं," ते म्हणाले. "सावकाश जा."